डावी नळी

प्रिय मही आणि अर्णव,

मही, तुझा निरोप परवा मिळाला. विद्यापीठाच्या क्लबात तू हवेत उडणाऱ्या मातीच्या ताटल्या बंदुकीने फोडायला शिकते आहेस. प्रशिक्षकाने लहान लहान पोलादी नळकांड्यांची एक डबी तुझ्या हातात दिली आणि ‘यातला कुठला चोक लावायचा ते तूच ठरव’ असं सांगून तो निघून गेला. मग तू मला विचारलंस, कारण आजीचं बेळगावात बंदुकांचं दुकान होतं असं कधीतरी बाबाच्या तोंडून ऐकलं होतंस. अर्णवने त्याखाली हसरा चेहरा पाठवला. त्याला ती बाबाची थट्टा वाटली असावी. थट्टा नव्हती. कॅम्पातल्या त्या दुकानात मी एकोणीसशे सत्तरच्या सुरुवातीपासून ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत रोज सकाळी जाऊन बसत होते.

इथल्या एका दिवाळी अंकानेही माझ्याकडे दुकानाच्या आठवणी मागितल्या आहेत. मी त्यांना कळवलं की लिहीन, पण नातवंडांना उद्देशून लिहीन. लोकांसाठी लिहायला बसले की मी भाषण करू लागते. तेव्हा मही, तुझ्या प्रश्नाचं उत्तर छापून येणार आहे. ते जरा लांबेल, कारण चोक म्हणजे काय हे मला पुरतं समजलं ते जांबोटीकडच्या एका बाईमुळे. तिची हकीकत सांगितल्याशिवाय मला ते नीट सांगता येणार नाही.

माझं माहेर निपाणीचं. वडील शाळामास्तर. आमच्या वस्तीतल्या मुलींमध्ये इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिली, आणि लग्न होऊन आले ती बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या घरात. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, लष्करात आर्मरर होते. पलटणीची हत्यारं तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर परवाना काढून त्यांनी दुकान टाकलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणे. तुमचे आजोबा बँकेत होते. बंदुकीच्या तेलाचा वास त्यांना सोसत नसे. त्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार, परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं आणि सरकारी कागद हे सगळं माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात आप्पांनी एक माहितीपत्रक पुढे टाकलं आणि म्हणाले, “सूनबाई, यातला हा शब्द तू वाचशील, अर्थही सांगशील. पण कळायचा असेल तर खांद्याला धक्का खावा लागतो.” तो शब्द चोक हाच होता.

काकतीच्या पुढे डोंगराच्या पोटात एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तीन बाजूंना उभे कडे, एका बाजूने गाडीवाट. तिथे बंदुका चालवून बघायची परवानगी आप्पांनी घेतली होती. रविवारी सकाळी आम्ही तिथे जात असू. खानापूरचा एक कुंभार आम्हाला बशीएवढ्या कच्च्या मातीच्या ताटल्या करून देई. आप्पांनी जुन्या गाडीची स्प्रिंग लावून एक फेकणारं यंत्र बनवलं होतं. ते ‘हं’ म्हणाले की ताटली कड्याच्या दिशेने सणसणत जाई, आणि मी पदर खोचून बार काढी. पहिले कित्येक रविवार कुंभाराच्या मातीला माझ्याकडून काहीही इजा झाली नाही.

आता तुझं उत्तर. ही बंदूक एक गोळी मारत नाही. काडतुसात छर्रे भरलेले असतात, मोहरीएवढे किंवा हरभऱ्याएवढे, ज्या त्या कामाप्रमाणे. नळीबाहेर पडल्यावर ते पांगत जातात. निपाणीच्या रस्त्याने धनगर मेंढरं नेत, ती डोळ्यांपुढे आण. बोळ सरळ असला तर बोळ संपल्याबरोबर कळप चहूकडे फुटतो. पण बोळाचं तोंड हळूहळू आवळत गेलं असेल, तर बाहेर पडल्यावरही मेंढरं बराच वेळ एकमेकांना चिकटून चालतात. चोक म्हणजे ते आवळलेलं तोंड. नळी सगळी सारखी असते. शेवटच्या दोनतीन बोटांत ती किंचित अरुंद होत जाते, पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. तोंड घट्ट असेल तर छर्रे लांबवर गोळा राहतात. मोकळं असेल तर लवकर पसरतात. तुमच्याकडे आता ते तोंड पेचाने काढता-घालता येतं. आमच्या काळात ते नळीतच कोरलेलं असे, जन्माला येतानाच. दुनळी बंदुकीला उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली, असा रिवाज. पुढचा चाप ओढला की उजवी उडते, मागचा ओढला की डावी.

नवशिक्याला वाटतं, घट्ट म्हणजे जोरदार. मलाही वाटलं होतं. मी हट्टाने मागचा चाप ओढत राहिले आणि ताटल्या हसत कड्यावर जाऊन फुटत राहिल्या. जवळच्या ताटलीवर आवळलेली नळी चालवणं म्हणजे उडत्या माशीला सुईने टोचायला जाण्यासारखं. ताटली जवळून जाणार असेल तर मोकळा चोक लाव, मही. सुरुवातीला तोच बरा. तो चुकीला थोडी जागा देतो.

चिकोडीहून एक तंबाखूचे व्यापारी आले होते. ते आप्पांना म्हणाले, “दोन्ही नळ्या आवळलेल्याच द्या. एक घट्ट नि एक ढिली, ह्ये कसलं काम? ढिली मी कशापायी घेऊ?”

आप्पा म्हणाले, “अण्णासाहेब, जोड्याच्या दुकानात गेलात तर दोन्ही डावेच मागाल काय?”

व्यापारी विचार करून म्हणाले, “डावा चांगला असला तर मागंन की.” ते दोन्ही घट्ट नळ्यांची बंदूक मागवूनच घेऊन गेले, आणि त्यांच्या हयातीत एकही तितर त्यांच्यामुळे मेला नाही असं ऐकलं.

गिऱ्हाइकं सगळी अशी हसवणारी नसत. निपाणीच्या एका वखारीचा पहारेकरी दरवर्षी बंदूक साफ करायला आणी. नळी आतून काळी, ताज्या दारूची काजळी, आणि त्याला दिलेली काडतुसं मात्र जशीच्या तशी. एकदा आप्पांनी विचारलं, “कशावर मारतोस रे?”

तो खाली बघत म्हणाला, “म्या न्हाय मारत, आप्पा. आवाज येतोय. पर म्या न्हाय मारत.” आप्पांनी पुढे काही विचारलं नाही. नळी साफ केली आणि परत दिली. तो गेल्यावर मी विचारलं तर म्हणाले, “जी काजळी माझी नाही, ती मी पुसतो. वाचत नाही.”

वाचणं हे शेवटी माझंच काम झालं. प्रत्येक नळी छर्रे आपल्या ढंगाने टाकते, आणि तो ढंग बघायला कागद लागतो. माणसाहून उंच बांबूची चौकट उभी करायची, तिच्यावर कागद ताणून डकवायचा, ठरलेल्या अंतरावरून एक बार काढायचा आणि भोकं वाचायची. कागद मी माहेराहून आणे. तंबाखूच्या पेट्यांच्या आत लावतात तो खाकी कागद. बार झाल्यावर जवळ गेलं की दारू आणि तंबाखू असा मिळून वास येई. त्या भोकांवरून नळी किती आवळलेली आहे, वाकली आहे का, कुठे घसरते, हे मला दिसू लागलं. पुढे आप्पांच्या हाताला कंप सुटला, आणि बारही मीच काढू लागले.

खाणीची एक गोष्ट सांगायची राहिली. ती उत्तर देई. बार काढला की आवाज समोरच्या कड्यावर आपटून, मग डावीकडून, मग उजवीकडून परत येई. नवीन बंदूक असली की आप्पा डोळे मिटून ते ऐकत.

जांबोटीकडच्या त्या बाईच्या घरची बंदूक आमच्याकडे आली तेव्हा पोलिसांनी लाख लावून बंद केलेली होती. खटले, निवडणुका, मयताचे वारस अशा कारणांनी बंदुका परवानेवाल्या दुकानात जमा ठेवत. अशा जमा बंदुकीला आम्ही हात लावत नसू. मागच्या खोलीत घोडीवर, म्हणजे बंदुका टेकवून ठेवायच्या लाकडी चौकटीवर, ती इतरांबरोबर उभी असे. सगळ्या बंदुकांचे चाप भिंतीकडे करून ठेवायची मला सवय. सकाळी दार उघडलं की ही एक थोडी डावीकडे वळलेली दिसे. मी सरळ करी. आप्पा म्हणाले, तिच्या दस्त्याची, खांद्याला लावतात त्या लाकडाची, टाच झिजली आहे, ती घसरते. टाच झिजलेली होती हे खरं. मी सरळ करत राहिले.

तिची हकीकत पोलिसांच्या शिपायाकडून कळली होती. जांबोटीच्या पुढे रानाला लागून एक वाडी. दत्तू आणि परसू हे दोघे भाऊ. वडील नव्हते, आई होती, सावित्राक्का. पिकाच्या राखणीसाठी दत्तूच्या नावाने परवाना होता. भात कापणीला आलं की रानडुकरं उतरतात. सकाळच्या धुक्यात चारपाच जणांनी डबे वाजवत डुकरं उठवायची आणि एकाने बंदूक घेऊन बांधावर थांबायचं, अशी त्यांची पद्धत. त्या दिवशी बंदूक परसूकडे होती. डुक्कर खाचरातून आडवं गेलं आणि त्याने बार काढला. डुक्कर पडलं. डाव्या हाताला झुडपाशी दत्तू उभा होता. एक छर्रा त्याच्या गळ्यात गेला. चौकशी झाली, अपघात ठरला, कागद बंद झाले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर परसू बंदुकीच्या सुटकेचा हुकूम घेऊन दुकानात आला. तिशीचा असेल, पण दाढीत पांढरं उतरलेलं. त्याच्यापुढे त्याची आई. लहानखुरी, ताठ बाई, नऊवारीचा काष्टा आवळलेला. ती आत आली नाही, पायरीवर बसली. परसू तिच्या मागेच उभा राहिला, तिच्या बाजूने पुढे न जाता.

तिथूनच ती मला म्हणाली, “बाई, त्याला सांगा, कागद द्यायचा आन् मोकळं व्हायचं. बंदूक घरात न्यायची न्हाय. तोडून टाका.”

‘त्याला’ म्हणजे मागे दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मुलाला. मी परसूकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं, तरी तो थांबला. मी सांगितलं, “आई म्हणतात, तोडून टाका.”

“व्हय,” तो म्हणाला. “आईला सांगा, तोडतो. पर तोडायच्या आदी एकदा मारून बघायची हाय म्हनावं.”

“कशाला?” आप्पांनी विचारलं.

 तो माझ्याकडे बघून बोलू लागला, कारण आईकडे बघून बोलण्याची त्याला परवानगी नसावी. “वहिनी, आमच्यात एक नेम हाय. आज्यापास्नं. डबं वाजिवनारी मानसं आजूबाजूला असली तर डावीच नळी मारायची. मागला चाप. डावी माप राखती. उजवी पांगती, ती पाखरावर. मी मागलाच ओढलतो. देवाशपथ मागलाच. पर डावीचा छर्रा दत्तूअण्णापतोर जाईलच कसा? म्हनून आई म्हनती, मी पुढला ओढला. हेंदरटपणा केला.” त्याने आवाज खाली आणला. “गावात तर त्याच्याबी म्होरं बोलत्यात. जमिनीपायी केलं म्हनून.”

पायरीवरून आवाज आला. “त्याला इचारा, चाप बोटाला कळत न्हाय काय. पुढला कुठला, मागला कुठला.”

“कळतोय की,” परसू मला म्हणाला.

“मग दत्तू कशानं ग्येला, इचारा.”

आम्ही चौघं होतो आणि ती दोघं एकमेकांशी माझ्या तोंडून बोलत होती. वर्षभर त्या घरात असंच चाललं असणार. मधे बोलायला कोणी नसेल तेव्हा काय करत असतील, हे मी मनात आणलं आणि मला बरं वाटलं नाही. नंतर परसूकडून कळलं की तो गोठ्यात निजतो. आई ताट वाढून उंबऱ्यावर ठेवते आणि आत निघून जाते.

आप्पा उठले. पायरीपाशी जाऊन खाली बसले, त्या वयात, गुडघे धरून. “आक्का, बंदूक तोडली तर ती काही सांगणार नाही. उद्या खाणीत या. तुमच्यासमोर मारतो.”

“मारनार कोन?”

“ही आमची सूनबाई.”

सावित्राक्काने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बाई मारनार?”

“कागदावर मारणार, आक्का,” मी म्हटलं.

“मारा. पर त्याला हात लावू देऊ नका.”

त्या रात्री ती दोघं शहरातल्या एका नातेवाइकाकडे राहिली. सकाळी आम्ही खाणीत पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की समोरचा कडा दिसत नव्हता. चौकट उभी केली. परसूने बार काढला तेव्हाचं अंतर विचारून आप्पांनी चालून मोजलं, आणि तितक्यावर मला उभं केलं. कोळशाने कागदावर खाली एक काळा गोल काढायला परसूला सांगितलं, डुकराचा खांदा जिथे होता त्या उंचीवर. त्याने काढला. हात पुसले नाहीत.

आधी दुकानातली एक धड दुनळी घेतली, आक्काला समजावं म्हणून. हरभऱ्याएवढे छर्रे, एका काडतुसात थोडेच असतात. उजवीचा बार काढला, खाण नेहमीसारखी तीन बाजूंनी बोलली. कागदावर भोकं दूर दूर पसरलेली. कागद बदलला. डावीचा बार काढला. सगळी भोकं गोलाच्या भोवती, एका सुपात मावतील अशी. आप्पांनी आक्काला जवळ नेऊन दाखवलं. “ही मोकळी. ही आवळलेली.”

“आमची डावी अशीच मारती,” ती म्हणाली. “ठावं हाय मला. लगीन झाल्यापास्नं बघतो आमी.”

मग ती बंदूक. लाख फोडली. खांद्याला लावली तेव्हा जाणवलं की ती पुढून हलकी आहे. तोंड वर उचलतं.  मागचा चाप, डावी नळी, कोळशाचा गोल. बार काढला.

खाण बोलली नाही.

माझ्या कानांत दडे बसले असं वाटून मी आप्पांकडे पाहिलं. ते डोळे मिटून उभे होते, ऐकण्यासाठी, आणि तसेच उभे राहिले. धुकं आवाज पितं हे मला माहीत आहे. पण अगदी थोड्या वेळापूर्वी त्याच धुक्यात दुसऱ्या बंदुकीचा आवाज परत आला होता.

कागदापाशी गेलो. भोकं पांगलेली. डावी नळी मोकळ्या नळीसारखी मारत होती. गोलाच्या आसपास काही, इकडेतिकडे काही, आणि एक भोक सगळ्यांपासून वेगळं, वर डावीकडे, कागदाच्या कडेला.

“आणखी एक,” आप्पा म्हणाले.

नवा कागद. मागचा चाप. पुन्हा आवाज गेला तो गेलाच. भोकं पुन्हा पांगलेली, आधीच्यासारखी नव्हेत, कारण पांगणारे छर्रे दोनदा सारखे पडत नाहीत. ही गोष्ट मी शेकडो कागदांवर पाहिली होती. पण ते एक वेगळं भोक होतं. वर डावीकडे, कागदाच्या कडेला, त्याच जागी. आप्पांनी पहिला कागद आणून दुसऱ्यावर धरला. एका भोकातून दुसरं दिसलं. पलीकडचं धुकं दिसलं.

 तिसऱ्या वेळी मी मुद्दाम नेम किंचित उजवीकडे धरला. बाकीची भोकं उजवीकडे सरकली. ते एक तिथेच होतं.

आप्पा पेटीकडे गेले. त्यांच्याकडे एक पितळी गज होता, पायऱ्या पायऱ्यांनी जाड होत जाणारा. आवळलेल्या नळीत तो तोंडाशीच अडतो. त्यांनी तो उजव्या नळीत सोडला, मग डावीत. दोन्हीकडे शेवटच्या पायरीपर्यंत आत गेला. त्यांनी तोंडावरून बोट फिरवलं, नखाने काळा रंग खरवडला, आणि नळी मला दाखवली. रंगाखाली कानशीचे ओरखडे होते.

“ही कापली आहे,” ते म्हणाले. “चार बोटं. सुबक कापलीय, कानसून रंग दिलाय, नेम धरायचा पुढचा मणी परत बसवलाय. पण आवळ नेमकी त्या चार बोटांतच असते. ती गेली. आता दोन्ही नळ्या उजव्या आहेत.” मग ते परसूकडे वळले. “तू मागचाच ओढला असशील. यात मागचा आणि पुढचा असं काही उरलेलंच नाही.”

परसू जमिनीवर बसला. “मला हलकी लागलती,” तो म्हणाला. “अण्णाला म्हनलो बी. तर म्हनला, पालिश करून आणलीया.”

मी आक्काकडे पाहिलं. ती आमच्याकडे बघत नव्हती. ती चौकटीपाशी गेली होती आणि तिसऱ्या कागदासमोर उभी होती. ते वेगळं भोक तिच्या डोक्याच्या वर होतं. तिने हात उचलला, टाच किंचित उचलली आणि बोट त्या भोकात घातलं. चाचपडली नाही. त्या उंचीची हाताला सवय असल्यासारखं ते बोट सरळ तिथे गेलं. तिथेच ठेवून ती उभी राहिली.

“हितं,” ती म्हणाली. “दत्तूच्या गळ्याला हळद लावताना हितपतोर हात जायाचा माझा. खाली वाक म्हनलं तर वाकायचा न्हाय.”

 मग ती कागदाकडे तोंड करूनच बोलू लागली.

“पावसाळ्यात चिखलात तोंड बुडालतं बंदुकीचं. तसाच बार काढला दत्तूनं, तर तोंड फाटलं. परवान्याची बंदूक, कुणाला दावायचं भ्या. परड्यात बसून करवतीनं कापली. म्हनला, आई, चार बोटं तर हायत, काय बिघडतंय. परसूला बोलू नगंस, बोंब मारंल.” ती पुढे म्हणाली, “नळी हलत व्हती. तवा मला म्हनला, जरा धर. पाट्यावर ठेवली. मी दोन्ही हातांनी दाबून धरली.”

त्यांच्या घरात ही बंदूक तीन पिढ्या होती. डावी माप राखते हे प्रत्येकाला पाठ होतं. ती कुठल्या चार बोटांमुळे राखते, हे कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मलाही ते इंग्रजी माहितीपत्रक वाचून कळलं नव्हतं. पदवी असून मीही फाटलेलं तोंड साफ कापून टाकलं असतं, आणि नीट काम झालं म्हणून समाधानाने हात धुतले असते.

आप्पांना आणखी एक बार काढून बघायचा होता. ते भोक चौथ्यांदा पडतं का, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. त्यांनी काडतूस माझ्यापुढे धरलं. आक्काने बोट भोकातून काढलं आणि मागे न बघता म्हणाली, “नको. पुरे झालं. त्याला उगा किती येळा मारायचं.”

मी बंदूक उघडून रिकामी केली. धुकं विरत होतं, समोरचा कडा दिसू लागला होता. परसू अजून खाली बसलेला, कोळशाचे हात मांड्यांवर, तोंडालाही कोळसा लागलेला. त्याची आई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मला काही निरोप सांगेल, आणि मी एक पाऊल पुढे झाले.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “परसू,” ती म्हणाली, “ऊठ. जांबोटीची बस जाईल. तोंड धू आदी, काळं झालंया.”

तो उठला नाही. तिने त्याला दंडाला धरून उठवलं, लहान मुलाला उठवतात तसं. खाणीच्या वाटेने दोघं गेली. ती पुढे नव्हती आणि तो मागे नव्हता. वळणावर तिचा आवाज आला. काय बोलत होती ते कळलं नाही, पण ती बोलत होती, सारखी, वर्षभराचं साठलेलं.

आप्पांनी बंदूक रीतसर परत पोलिसांच्या हवाली केली आणि ती तोडली गेली. त्या तीन कागदांबद्दल आम्ही पुष्कळदा बोललो. कापलेल्या तोंडाला कुठे बारीक कंगोरा राहिला असेल आणि एक छर्रा त्याला घासून ठरावीक दिशेने जात असेल, असं आप्पांनी शेवटी ठरवलं. मी विचारलं, मग नेम सरकवल्यावर भोक का सरकलं नाही. ते म्हणाले, “सूनबाई, तुझा नेम तरी सरकला होता का ते बघ.” सरकला होता. मला माझा नेम कळतो. पुढे मी कितीतरी कापलेल्या, वाकलेल्या, फाटलेल्या नळ्यांचे कागद वाचले. तसं भोक पुन्हा कुठे दिसलं नाही.

एक हळहळ मात्र राहिली. शेतकऱ्यांना आम्ही नळी साफ कशी करायची ते शिकवत होतो, तेल कुठलं घालायचं ते शिकवत होतो. तोंड कापू नका, हे कोणाला सांगायचं सुचलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येकाला सांगू लागलो. आप्पा गेल्यावर मी सांगत राहिले, मराठीत, कानडीत, आणि ऐकणारा साहेब असला तर इंग्रजीत. पुढे परवाने कमी होत गेले, गिऱ्हाइकं आटली आणि आम्ही दुकान बंद केलं. खाणीत आता पाणी साठलं आहे असं ऐकते.

मागच्या वर्षी परसूचा मुलगा येऊन गेला. तो बेळगावात एका शाळेत शिकवतो. आजी म्हातारपणाने गेली, बाप आहे, शेती करतो, असं त्याने सांगितलं. वाडीत आता बंदूक कोणाकडेच नाही. भात कापणीला आलं की डुकरं अजून उतरतात. लोक डबे वाजवतात, फटाके लावतात, ओरडतात. मी विचारलं, माणसं कशी उभी करता. तो म्हणाला, पूर्वीसारखीच, बांधावर एक आणि बाकीची खाचराभोवती. फक्त डाव्या हाताच्या त्या झुडपाशी कोणी उभं राहत नाही. ती जागा अजून मोकळी ठेवतात.